खालून वर वाचणारा अनंत

अनंत गेला हे मला कळलं तेव्हा माझा त्यावर विश्वास बसला नाही. तसा कुणाचाच पहिल्या क्षणी बसत नाही म्हणा, पण माझं प्रकरण वेगळं होतं. सकाळचे दहा वाजले होते, मी मुलुंडच्या घरी लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून बाईचा घोगरा आवाज. "भावजी, हे गेले." बस, एवढंच. मला पहिला विचार आला तो हा, की ही नवीन फसवणूक दिसतेय. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करून फोन करतात, रडतात, हॉस्पिटलचं नाव सांगतात आणि दोन मिनिटांत आपल्याला कामाला लावतात. हे मला कुणी शिकवलं होतं? अनंतनेच. "माझ्या आवाजात फोन आला तरी आधी काहीतरी असं विचार, जे फक्त घरच्यांना माहीत असेल." मी आज्ञाधारकपणे विचारलं, "वहिनी, माझ्या मुलीचं नाव काय?" ती बाई म्हणाली, "मुक्ता. भावजी, मुक्ता," आणि तिला रडू आवरेना. ती मनीषावहिनीच होती. अनंतचा फोन घरी राहिला होता, तिच्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून हॉस्पिटलातल्या नर्सच्या फोनवरून बोलत होती. नवरा जाऊन अर्धा तास झालेल्या बाईची मी परीक्षा घेतली होती. या गोष्टीला आता दोन महिने होतील. वहिनींनी मला माफ केलंय, पण मला ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

अनंत कुबल आणि मी कॉलेजात एका बाकावर होतो. तो घाटकोपरचा, मी मुलुंडचा. त्याचे वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी सुटली आणि त्यांनी एका गोदामात मालाची आवक-जावक बघायचं काम धरलं. आई मालवणकडची. तिच्याबरोबर मासळी बाजारात जाणं हा एक सोहळा असायचा. मी एकदोनदा गेलोय. कोळणीने समोर ठेवलेला मासा ही बाई हातात घ्यायची, कल्ले उघडायची, डोळे बघायची, पोटावर बोट दाबायची आणि खाली ठेवायची. कोळीण वैतागून म्हणायची, "गं आये, लगीन लावायचाय काय त्याचा?" अनंतची आई तिच्याकडे न बघता पोराला सांगायची, "आधी कल्ले बघ, मगे भाव इचार." अनंतने हा धडा असा काही गिरवला की पुढे आयुष्यभर त्याने समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीचे कल्ले उघडून पाहिले. हॉटेलचं बिल, डॉक्टरची चिठ्ठी, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, माझ्या लग्नाची पत्रिका. पत्रिकेत त्याला दोन चुका सापडल्या होत्या आणि त्या त्याने लग्नाच्या मांडवात मला सांगितल्या. मी त्याला शंकासुर म्हणायचो. तो म्हणायचा, "चालेल. कुणीतरी पाहिजेच ना यार."

नोकरी त्याची अंधेरीला, एका कंपनीतले सर्व्हर सांभाळण्याची. पण त्याचा जीव होता दुसऱ्याच कामात, आणि त्या कामात त्याने मला ओढलं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण संगणकावर एखादं सॉफ्टवेअर बसवतो तेव्हा ते कुठून आणायचं, त्याला लागणाऱ्या आणखी दहा गोष्टी कुठून गोळा करायच्या, आणि आलेला माल अस्सल आहे की वाटेत कुणी बदललाय हे तपासायचं, एवढी उठाठेव करणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. आमचा पॅकेज मॅनेजर ओपन सोर्स होता, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा. जगातल्या कुणीही तो वाचावा, त्यात सुधारणा करून आमच्याकडे पाठवावी. आम्ही पाचसहा जण ती तपासून आत घ्यायचो किंवा परत पाठवायचो. सगळं फुकट, हौसेचं. नियम एकच होता. कोणताही बदल आत जायचा तर आमच्यातल्या दोघांची मंजुरी हवी. दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचं आणि मग बटण दाबायचं.

अनंतची वाचायची पद्धत आमच्यात चेष्टेचा विषय होती. आलेला बदल तो कागदावर छापून घ्यायचा. घाटकोपर पूर्वेला त्याच्या घरात आतल्या खोलीच्या खिडकीशी एक टेबल होतं, तिथे पेन्सिल घेऊन बसायचा आणि शेवटच्या पानापासून सुरुवात करायचा. शेवटची ओळ, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. मी एकदा विचारलं, "अंत्या, हा काय वेडेपणा? सरळ वाच ना." तर म्हणाला, "सरळ वाचलं की लिहिणारा आपलं बोट धरून नेतो. त्याला जे दाखवायचंय तेच दिसतं. उलटं वाचलं की प्रत्येक ओळीला विचारावं लागतं, बाई तू इथे कशाला आलीस?" मला ते पटलं. पटलं, आणि मी वाचणंच सोडून दिलं. म्हणजे एका दिवसात नव्हे. पण अनंत एवढं बारकाईने वाचतोय तर आपण पुन्हा कशाला डोळे फोडायचे, असं हळूहळू होत गेलं. वरवर नजर टाकायची, 'ठीक दिसतंय' असं लिहायचं आणि मंजुरी द्यायची. दुसरी मंजुरी अनंतची असायचीच. आमच्या क्षेत्रात हे पाप पुष्कळ जण करतात, फक्त कबूल कुणी करत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे लिंडेन नावाचा एक माणूस बदल पाठवू लागला. लिंडेन हे त्याने घेतलेलं टोपणनाव. खरं नाव, देश, वय, काही माहीत नाही. यात गैर काही नाही, असे खूप असतात. हा अतिशय सभ्य होता. आधी स्पेलिंगच्या चुका सुधारल्या, मग चाचण्या लिहून दिल्या, मग जे काम कुणीच करत नाही ते, म्हणजे जुन्या तक्रारींना उत्तरं देणं, तेही करू लागला. मला तो देवमाणूस वाटला. अनंतला नाही वाटला. "वर्ष झालं, हा एकदाही चिडलेला नाही. मी त्याच्या डोक्यावर एवढे मिरे वाटतो, तरी थँक्यू म्हणतो. असा माणूस असतो का?" मी म्हटलं, "असतो. तुला सवय नाही." तो हसला, पण त्याने तो विषय मनातून काढला नाही, हे मला कळत होतं.

मग गेल्या वर्षी गणपती उठले त्या आठवड्यात अनंतच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली. त्याच दिवसांत लिंडेनचा एक मोठा बदल आला होता. डाउनलोड मधेच तुटलं तर ते पुन्हा कसं सुरू करायचं, याबद्दलचा. चाळीस पानं तरी भरली असती. लोक त्याची वाट बघत होते. मी नेहमीप्रमाणे 'ठीक दिसतंय' लिहिलं. अनंत बरा होऊन घरी येईल, वाचेल, मग जाईल तो आत, असा माझा हिशोब. पण तिसऱ्या दिवशी त्याचा हॉस्पिटलमधून फोन. "शिऱ्या, लिंडेनचं ते लोंबकळतंय. तू वाचलंस ना रे नीट?" मी म्हटलं, "वाचलं." तो म्हणाला, "मग झालं. तुझ्या डोळ्यांनी माझंही वाचून झालं समज." आणि त्याने तिथूनच, मोबाइलवर, मंजुरीचं बटण दाबलं. मला तोंड उघडायला फार तर पाच सेकंद मिळाले असतील. मी ती वापरली नाहीत. वीस वर्षांत या माणसाने एकदाच न वाचता सही केली, ती माझ्या शब्दावर.

पुढे काही झालं नाही. निदान मला काही दिसलं नाही. अनंत घरी आला, दिवाळीत त्याने त्याच भागात एक छोटीशी दुरुस्ती पाठवली. 'थोडी साफसफाई' असं तिचं नाव होतं. मी फराळाच्या ताटावरून उठून ती मंजूर केली. जानेवारीत लिंडेनचा दुसरा मोठा बदल आला. आलेल्या मालावरची सही खरी की खोटी हे तपासण्याचा जो भाग आहे, तो वेगवान करणारा. आणि इथे अनंत अडून बसला. आज एक प्रश्न, आठवड्याने दुसरा. लिंडेन शांतपणे उत्तरं देतोय, हा आणखी प्रश्न काढतोय. एप्रिल उजाडला. बाकीचे मला खाजगीत लिहू लागले, की तुझ्या मित्राला आवर, हा चांगला माणूस हातचा जाईल. आणि एके दिवशी लिंडेनने खरोखरच तो बदल मागे घेतला. "तुमचा वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व," एवढं लिहून.

मी घाटकोपरला जाऊन थडकलो. वहिनी समोर होत्या तरी भीडभाड न ठेवता बोललो. "तुला झालंय काय? शंकेला काही पुरावा लागतो की नाही? का कुणी चांगलं वागलं की तुझ्या पोटात दुखतं?" त्याने माझ्याकडे खुर्ची सरकवली. मी आणखी चढलो. "त्याचं आधीचं एवढं मोठं काम आपण घेतलं ना? काय वाकडं झालं? मी स्वतः ते..." त्याने एकदम हात वर केला. "शिऱ्या, राहू दे. चहा घे." मी म्हटलं, "चहा गेला खड्ड्यात, मी काय म्हणतोय ते ऐक." तर पुन्हा, जरा चढ्या आवाजात, "राहू दे म्हटलं ना." माझं वाक्य त्याने काही पुरं होऊ दिलं नाही. मला वाटलं, याच्याकडे उत्तर नाही म्हणून हा विषय तोडतोय. मी चपला घातल्या. जिन्यात त्याचा आवाज आला, "सावकाश जा रे, लाइट गेलेत." मी तसाच उतरत गेलो. त्यानंतर आमची भेट नाही. सहा आठवड्यांनी नर्सच्या मोबाइलवरून तो फोन आला.

मागच्या महिन्यात लिंडेन परत आला. आधी अनंतबद्दल चार ओळी लिहिल्या, फार चांगल्या, मी त्या वाचताना रडलो. आणि दोन दिवसांनी त्याने एक बदल पाठवला. बदल कसला, एक ओळ काढून टाकायची होती. त्याचं म्हणणं असं, की डाउनलोडच्या त्या भागात अमुक ठिकाणी कुठल्याशा लिपीत एक टीप आहे, ती कोडचं काहीही काम करत नाही, अर्थ कळत नाही, तरी काढावी. तपासायला माझं नाव. एका ओळीचा बदल! माझा अंगठा सवयीने बटणाकडे निघालाच होता. पण काढायची ओळ लाल रंगात दाखवतात, आणि त्या लाल पट्टीत, इंग्रजी अक्षरांच्या गर्दीत, देवनागरी होती.

'शिऱ्या, हे वाचलंस तर फोन कर.'

मी ती ओळ किती वेळ बघत बसलो, माहीत नाही. मग जरा डोकं चालू झाल्यावर शोधायला लागलो. आमच्याकडे प्रत्येक ओळीची कुंडली निघते. कुणी लिहिली, कधी लिहिली, तिच्या आधी त्या जागी काय होतं. ही ओळ अनंतने लिहिली होती, दिवाळीत, त्या 'थोड्या साफसफाई'त. साफसफाईच्या खाली माझी मंजुरी. त्याने पाठवल्यापासून दोन मिनिटांत दिलेली. आणि त्या जागी आधी जे होतं ते मी उघडून पाहिलं. लिंडेनच्या त्या चाळीस पानी बदलात एक ओळ होती, की डाउनलोड तुटलं तर माल दुसऱ्या एका पत्त्यावरून आणावा. तो पत्ता आमचा नव्हता. कुणा अनोळखी माणसाच्या मशीनचा होता. एकदा जरी सरळ नजरेने वाचलं असतं तरी ती ओळ दिसली असती, इतकी ती उघड होती. त्यासाठी उलटं वाचायची काही गरज नव्हती.

अनंतने घरी आल्यावर ती चाळीस पानं वाचली होती. नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आत त्याने ती ओळ काढली. लिंडेनला खाजगीत विचारलं. तो पत्रव्यवहार मला नंतर प्रकल्पाच्या खात्यात सापडला. लिंडेनने लिहिलं होतं, चाचणी घेताना माझ्या घरच्या मशीनचा पत्ता टाकला होता, काढायचा राहून गेला, मनापासून क्षमस्व. असं होतं का? होतं, माझ्याही हातून झालंय. पण त्यानंतर तीन महिन्यांनी हाच माणूस सही तपासणाऱ्या भागाला हात घालतो. एका बदलाने माल परक्या दारातून येऊ शकला असता, आणि दुसऱ्या बदलात सही तपासणारा भागच बदलायचा होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं असतं तर मीही अडून बसलो असतो. आता मला प्रश्न पडतो, की हजारो ओळींमधून लिंडेनला नेमकी हीच ओळ का खुपावी? नीटनेटका माणूस आहे म्हणून? की आधी तिथे काय होतं हे त्याला पक्कं माहीत आहे म्हणून? त्याचा तो सहीवाला बदल मी आता पाच वेळा वाचलाय. दोष सापडलेला नाही, आणि तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

एक गोष्ट मात्र स्वच्छ कळली. एप्रिलमध्ये मी त्याच्या घरात उभा राहून त्याला नाही नाही ते बोलत होतो, तेव्हा त्याच्याकडे पुरावा होता. एका वाक्यात तो माझं तोंड बंद करू शकला असता. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे, शिऱ्या, तू वाचलं नव्हतंस, हेही बोलणं आलं, आणि तेही वहिनींसमोर. आणि मी 'मी स्वतः ते...' म्हणून पुढे जे बोलणार होतो, तो खोटेपणा त्याने एकदा हात वर करून आणि एकदा आवाज चढवून अडवला. जगातल्या कुणावरही संशय घेणारा हा माणूस, माझ्यावरचा संशय खरा ठरू नये म्हणून धडपडत होता. ज्याला कोडमधली एक जास्तीची रिकामी जागा सहन व्हायची नाही, त्याने एक निरुपयोगी ओळ तिथे सात महिने राहू दिली. मी कधीतरी वाचेन म्हणून.

मी प्रकल्पाच्या सार्वजनिक पानावर सगळं लिहिलं. त्या ओळीचा अर्थ काय, ती कुणासाठी होती, तिच्या आधी तिथे काय होतं, आणि किती वर्षं मी न वाचता मंजुऱ्या देत आलो. माझा मंजुरीचा अधिकार काढून घ्या, असंही लिहिलं. तो काढला गेलाय. लिंडेनचं उत्तर तासाभरात आलं. मला पूर्ण समजतं, म्हणाला, तुमच्या जागी मीही असाच सावध राहिलो असतो. या वेळीही तो चिडला नाही.

हे सगळं वहिनींना तोंडाने सांगायला हवं होतं, म्हणून गेल्या रविवारी घाटकोपरला गेलो. स्वयंपाकघरात त्या वाल सोलत बसल्या होत्या. मी सांगत गेलो, त्या ऐकत गेल्या, हात थांबला नाही. ती ओळ सांगितली तेव्हा मात्र थांबल्या. "दिवाळीत ना? पाडव्याच्या आसपास?" मी म्हटलं, हो. "तरीच... दोन-तीन दिवस फोन खिशात घेऊन फिरत होते. आंघोळीला जाताना मला सांगायचे, शिऱ्याचा आला तर दार वाजव. मी म्हटलं, एवढं काय अडलंय, तुम्हीच करा की. तर म्हणे, नको, त्याने करायला पाहिजे." मी म्हणालो, "वहिनी, आता काय करू मी?" त्यांनी वालाची ताटली बाजूला सारली आणि पदराला हात पुसले. "फोन चालू आहे त्यांचा. बँकेचे, गॅसचे ओटीपी त्यावरच येतात म्हणून ठेवलाय चार्जिंगला. लावा."

मी लावला. आतल्या खोलीत, खिडकीशी, त्या टेबलावर तो वाजायला लागला. वहिनी उठून आत गेल्या. चारपाच वेळा वाजला असेल, मग माझ्या कानात शांतता झाली. उचलला होता. मी भिंतीच्या अलीकडे उभा राहून म्हणालो, "अनंत, मी वाचलं नव्हतं रे."

मग वहिनींचा आवाज, एकदा फोनमधून आणि एकदा खोलीतून. "माहीत होतं त्यांना. ते फक्त तुमच्या तोंडून ऐकायला थांबले होते."